नायट्रोइमिडाझोल औषधे: क्रियेची अट आणि वापराची शिस्त



या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणासाठी नायट्रोइमिडाझोल हा औषधगट निवडला गेला, तो नावीन्यामुळे नव्हे, अतिपरिचयामुळे. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, ऑर्निडाझोल, सेक्निडाझोल ही नावे खेड्यातल्या दवाखान्यापासून महानगरातल्या शस्त्रक्रियागृहापर्यंत सर्वत्र रुळलेली आहेत आणि जुलाबाचा रुग्ण समोर बसला की त्यांपैकी एखादे नाव चिठ्ठीवर आपोआप उमटते. ज्या औषधाची क्रिया एका काटेकोर रासायनिक अटीवर अवलंबून आहे, तेच इतक्या सैलपणे दिले जावे, ही वैद्यकव्यवसायाने गांभीर्याने घेण्याची बाब आहे.

इमिडाझोल म्हणजे तीन कार्बन व दोन नायट्रोजन अणूंचे पंचकोनी वलय. त्याला नायट्रो गट, म्हणजे एक नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन अणूंचा समूह, जोडला की या कुळाचा मूळ सांगाडा तयार होतो. जपानमध्ये १९५३ साली मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ॲझोमायसिन हे असे संयुग मिळाले आणि त्याच धाग्यावर काम करताना फ्रान्समधील रोन-पूलँक कंपनीच्या प्रयोगशाळेत मेट्रोनिडाझोल घडवले गेले. योनिमार्गातील ट्रायकोमोनास या परजीवीवर ते प्रभावी ठरल्याचे १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते जिवाणूंवरही चालते, हे मात्र एका रुग्णामुळे कळले. ट्रायकोमोनाससाठी औषध घेणाऱ्या स्त्रीच्या हिरड्यांचा तीव्र व्रणयुक्त दाहही त्याच उपचारात बरा झाला, ही नोंद १९६२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली आणि अवायुजीवी जिवाणूंच्या, म्हणजे प्राणवायूविना वाढणाऱ्या जिवाणूंच्या, उपचाराचे दार उघडले.

या औषधाचे मर्म असे, की पोटात गेलेले मेट्रोनिडाझोल स्वतः कोणालाच मारत नाही. त्याचा लहान रेणू जंतूच्या आणि माणसाच्या पेशीत सारख्याच सहजतेने शिरतो. परंतु अवायुजीवी जिवाणू, अमीबा, जिआर्डिया किंवा ट्रायकोमोनास यांच्या पेशीत ऊर्जानिर्मितीसाठी फेरेडॉक्सिनसारखी अशी प्रथिने असतात, जी अतिशय कमी विद्युतविभवावर इलेक्ट्रॉन पुढे सोपवतात, आणि तो इलेक्ट्रॉन नायट्रो गटाने स्वीकारताच औषधाचे रूपांतर अल्पजीवी, अतिक्रियाशील मूलकात होऊन जंतूच्या डीएनएचे धागे तुटू लागतात. मूळ औषध असे खर्ची पडत असल्याने पेशीच्या आत त्याची संहती कमी राहते आणि बाहेरचे औषध सतत आत ओढले जाते. प्राणवायू हजर असेल, तर तोच इलेक्ट्रॉन परत हिरावून घेतो, औषध पूर्वस्थितीला येते आणि इजा टळते. मानवी ऊतींना मिळणारे संरक्षण मुख्यतः यातूनच येते, आणि प्राणवायूवर जगणाऱ्या बहुतेक जिवाणूंवर हे औषध निष्प्रभ का ठरते, याचे उत्तरही यातच आहे.

म्हणून चिठ्ठी लिहिण्यापूर्वीचा पहिला प्रश्न असा असायला हवा, की या रुग्णाचा जंतू प्राणवायूविना जगणारा आहे काय. आतडे फाटून पोटात पसरलेला पू, दाताच्या मुळाशी झालेले गळू, मेंदूतले गळू, योनिमार्गातील जिवाणूंचे बिघडलेले संतुलन, अमीबाजन्य आमांश या सर्व ठिकाणी उत्तर होकारार्थी येते. पावसाळ्यातल्या पाण्यासारख्या जुलाबांत मात्र ते बहुधा नकारार्थीच असते, कारण त्यांतील पुष्कळसे विषाणूंमुळे होतात आणि त्यांवरचा खरा उपचार क्षारसंजीवनी व मुलांसाठी जस्त हा आहे. अशा रुग्णाला फ्लुओरोक्विनोलोन आणि नायट्रोइमिडाझोल यांची एकत्रित गोळी देण्याची भारतात रूढ झालेली पद्धत निदानाची जागा अंदाजाला देते. दोनपैकी एका औषधाची गरज क्वचित असते, दोन्हींची एकाच वेळी असणे त्याहून विरळ, आणि दुष्परिणाम मात्र दोन्हींचे पदरी पडतात. ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचा खर्च थोडा आहे. तो वाचवण्यात कोणाचेच हित नाही.

योग्य रोगातही उपचार अर्धवट राहण्याचा धोका असतो. तोंडाने घेतलेले मेट्रोनिडाझोल जवळजवळ पूर्ण शोषले जाते, प्रथिनांना फारसे न चिकटता पू, पित्त आणि मेंदूच्या द्रवापर्यंत उत्तम पोहोचते, आणि म्हणूनच यकृतातील अमीबाजन्य गळवावर ८०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, असे ७ ते १० दिवस दिल्यास रुग्ण झपाट्याने सुधारतो. पण याच पूर्ण शोषणामुळे मोठ्या आतड्याच्या पोकळीत औषध पुरेसे उरत नाही आणि तेथे वसलेला अमीबा टिकून राहतो. त्यासाठी नंतर डायलोक्सानाइड फ्युरोएटसारखे पोकळीतच राहणारे औषध ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १० दिवस द्यावे लागते. ते दिले नाही, तर रोग उलटण्याची व घरातल्यांना संसर्ग होण्याची वाट मोकळी राहते.

उलट बाजूला, थांबायचे केव्हा हे न सांगितल्यामुळे होणारी हानी आहे. तोंडाची धातूसारखी चव, मळमळ, गडद लघवी या तक्रारी त्रासदायक असल्या तरी निरुपद्रवी असतात. मज्जातंतूंची इजा तशी नसते. एकूण मात्रा ४२ ग्रॅमच्या वर किंवा उपचार चार आठवड्यांपलीकडे गेला की तळपायांची बधिरता व जळजळ यांचे प्रमाण वाढते, आणि वर सांगितलेल्या गळवाच्या मात्रेने ही मर्यादा अवघ्या अठराव्या दिवशी ओलांडली जाते. क्वचित लहान मेंदूवर परिणाम होऊन तोल जातो, बोलणे अडखळते. औषध वेळीच बंद केल्यास बहुतेक रुग्ण सावरतात, पण त्यासाठी संशय आधी यावा लागतो. यकृत गंभीररीत्या निकामी असल्यास मेट्रोनिडाझोलची मात्रा निम्मी करणे आवश्यक ठरते.

हृदयाची कृत्रिम झडप बसवलेला, वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घेणारा रुग्ण दातासाठी मेट्रोनिडाझोल घेतो, तेव्हा रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा यकृतातील निचरा मंदावून रक्तस्राव होऊ शकतो; रक्त गोठण्याचा वेग मोजणाऱ्या आयएनआर तपासणीची तारीख त्याच चिठ्ठीवर लिहिली गेली पाहिजे. लिथियमची रक्तातील पातळीही वाढते. मद्याबाबतचा इशारा सर्वपरिचित आहे; निरोगी स्वयंसेवकांवरील नियंत्रित प्रयोगात ॲसिटाल्डिहाइडची वाढ दिसली नाही आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ च्या मार्गदर्शनात वर्ज्यतेची अट सोडली, तरी औषधाच्या माहितीपत्रकात ती आहे. यकृतगळू मद्यपी पुरुषांत अधिक आढळत असल्याने त्यांना मद्य सोडण्याचा सल्ला हवाच. मात्र रुग्ण प्यायला होता म्हणून आवश्यक उपचार लांबवणे योग्य नव्हे. गर्भवतींतील अभ्यासांत जन्मजात व्यंगांशी ठोस संबंध आढळलेला नाही, तरी पहिल्या तिमाहीत गरज अधिक कसून पारखावी.

या औषधगटाशी महाराष्ट्राचे नाते केवळ वापराचे नाही. गोरेगाव येथील सिबा-गायगी संशोधन केंद्रात सॅट्रानिडाझोल विकसित झाले, आणि तेथील रसायनशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात घडवलेल्या द्विवलयी नायट्रोइमिडाझोलांपैकी सीजीआय-१७३४१ हे संयुग क्षयजंतूंवर प्रभावी ठरले. जनुकबदल घडवण्याच्या दोषामुळे ते पुढे गेले नाही, परंतु त्याच सांगाड्याचा शोध पुढे चालवून इतरत्र प्रिटोमॅनिड व डेलामॅनिड आली. आज औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील सहा महिन्यांच्या उपचारात प्रिटोमॅनिड बेडाक्विलिन आणि लिनेझोलिडसोबत दिले जाते. मुंबईसारख्या शहरात या रुग्णांची संख्या लक्षणीय आहे. लिनेझोलिड स्वतःच मज्जातंतूंना इजा करते; अशा रुग्णाला जुलाब होऊन तो जवळच्या दवाखान्यात गेला आणि क्षयाच्या गोळ्यांची चौकशी न करता त्याला मेट्रोनिडाझोल दिले गेले, तर एकाच मज्जातंतूवर दोन्हीकडून भार पडतो. त्या दवाखान्यात पहिल्यांदा विचारायला हवे ते कोणत्या गोळ्या सुरू आहेत आणि तळपाय जळजळतात काय, इतकेच.