ठोकळ्यापासून सुरुवात



परवा उल्हासनगरची एक डिझाइनची विद्यार्थिनी आमच्याकडे कुरकुरली, ‘महिनाभर नुसते ठोकळे आणि नळकांडीच काढायला लावतात!’ तिला आम्ही आमची फजिती सांगितली.

तरुणपणी बदलापूरहून लोकलने एका कारखान्यात जात असू. सोबत्याचा जॉब बाद ठरला, पगार कापला गेला. चूक नकाशातच होती. पण ती दाखवून देणार कोण? नकाशा आम्हा कोणालाच वाचता येत नव्हता. युनियन होती, पुरावा नव्हता.

मग रात्री बसून शिकलो. वस्तू एकच, पण वरून, समोरून आणि बाजूने पाहायची. दिसणारी कड अखंड रेघेने दाखवायची, लपलेली तुटक रेघेने. हात मागाहून वळतो. आधी डोळा वळवावा लागतो.

अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे. १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची मंडळी येथे आली, त्यांनी त्याची रेखाचित्रे काढली, ठसे घेतले. एवढे नक्षीकाम समोर असले, तरी कागदावर आधी पायाचा आराखडाच उतरवावा लागतो.

म्हणून, मुलांनो, ठोकळ्याला कंटाळू नका. ज्याला रेघ वाचता येते, त्याच्या माथी दुसऱ्याची चूक सहजी मारता येत नाही.