कधीच न जिंकलेला संघ जिंकू शकतो काय?

जो संघ आजवर कधीच जिंकलेला नाही, तो उद्या जिंकू शकेल काय? प्रश्न दिसावयास सोपा आहे. आशावादी मनुष्य ‘का नाही?’ असे विचारून मोकळा होतो आणि व्यवहारी मनुष्य मागील निकालांचा तक्ता पुढे करतो. या दोन्ही उत्तरांना किती अर्थ आहे हे पाहावयाचे असेल, तर इंदूर शहराइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. विजयाची सवय कशी लागते, ती कशी सुटते आणि पुन्हा कशी लावून घ्यावी लागते, या तिन्ही गोष्टी या एका गावाने पाहिल्या आहेत.

होळकर संघाचे नाव जुन्या क्रिकेटप्रेमींना सांगावयास नको. महाराज यशवंतराव होळकर यांचा आश्रय, सी. के. नायडू यांचे नेतृत्व आणि मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड, माधवसिंह जगदाळे यांच्यासारखे खेळाडू अशी ती सामग्री होती. १९४४-४५ पासून १९५४-५५ पर्यंतच्या अकरा हंगामांत हा संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोचला आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असा चार वेळा विजयी झाला. १९४५-४६ साली म्हैसूरविरुद्ध त्याने ८ बाद ९१२ धावा केल्या. त्या एका डावात सहा जणांनी शतके ठोकली. मुंबईच्या बलाढ्य संघाला ज्याची धास्ती वाटावी, असा तो संघ होता.

पुढे संस्थाने गेली, प्रांतांच्या सीमा बदलल्या आणि १९५४-५५ नंतर होळकर हे नाव करंडकाच्या यादीतून नाहीसे झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेश या नावाने जो संघ उभा राहिला, त्याच्याकडे इंदूरची मैदाने होती, इंदूरचे खेळाडू होते, जुन्या आठवणी होत्या. नव्हता तो फक्त करंडक. पित्याच्या घरी चार करंडक आणि पुत्राच्या पदरी एकही नाही, असा हा प्रकार. माधवसिंह जगदाळे होळकर संघाकडून खेळले. त्यांचे पुत्र संजय जगदाळे मध्य प्रदेशाकडून खेळले, पण ती विजयाची भेट त्यांच्या वाट्यास आली नाही. उज्जैनचे देवेंद्र बुंदेला यांनी या संघासाठी रणजी करंडकाचे १४५ सामने खेळून २०१८ साली निवृत्ती घेतली. करंडकाला हात न लावताच त्यांना मैदान सोडावे लागले. नुसत्या प्रतीक्षेने यश मिळत असते, तर ते बुंदेलांना सर्वांच्या आधी मिळावयास हवे होते.

एकदा मात्र यश अगदी दाराशी आले होते. १९९८-९९ च्या हंगामाचा अंतिम सामना बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध झाला. मध्य प्रदेशाचे कर्णधार होते चंद्रकांत पंडित, मुंबईचे यष्टिरक्षक आणि भारताचे माजी कसोटीपटू. पहिल्या डावात मध्य प्रदेशाने ७५ धावांची आघाडी घेतली. सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावातील आघाडीवर करंडक मिळतो, हा स्पर्धेचा नियम. म्हणजे शेवटच्या दिवशी २४७ धावा काढता आल्या नाहीत तरी चालणार होते. केवळ टिकून राहावयाचे होते. परंतु विजय भारद्वाज यांच्या फिरकीपुढे डाव १५० धावांत आटोपला आणि कर्नाटक ९६ धावांनी जिंकले. जिंकण्याची सवय नसलेल्या संघाची खरी अडचण येथे दिसते. त्याला प्रतिस्पर्ध्याशी जितके लढावे लागते, तितकेच स्वतःच्या इतिहासाशीही लढावे लागते. विजय जवळ आला की हात थरथरतात तो याच लढाईत.

दैवाचा विनोद असा, की इतर न जिंकलेल्या संघांना यश मिळाले ते इंदुरातच. १९५०-५१ साली होळकर संघाकडून अंतिम सामन्यात हरलेल्या गुजरातला दुसरा अंतिम सामना खेळावयास २०१६-१७ चा हंगाम उजाडावा लागला. तो सामना होळकर स्टेडियमवर झाला. तेथे मुंबईविरुद्ध ३१२ धावांचे लक्ष्य गाठून गुजरातने पहिला करंडक मिळवला. पार्थिव पटेल यांनी १४३ धावा केल्या. पुढच्याच हंगामात, १ जानेवारी २०१८ रोजी, याच मैदानावर विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले. त्यापूर्वी विदर्भाने कधी अंतिम सामनादेखील गाठला नव्हता. रजनीश गुरबानी यांची त्रिक्रमी कामगिरी आणि अक्षय वाडकर यांचे शतक त्या सामन्यात गाजले. त्या संघाचे प्रशिक्षक होते तेच चंद्रकांत पंडित. ज्या गावाचा संघ त्यांच्या नेतृत्वाखाली हरला होता, त्याच गावी त्यांनी दुसऱ्याचा संघ जिंकवून दाखवला. यजमान इंदूरने पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवल्या; स्वतःचे ताट रिकामेच होते.

२०२० साली पंडित मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले. शिस्तीविषयी ते कठोर म्हणून प्रसिद्ध होते. २०२१-२२ च्या हंगामात संघाने उपांत्यपूर्व सामन्यात पंजाबला दहा गडी राखून, उपांत्य सामन्यात बंगालला १७४ धावांनी हरवले आणि २२ जून २०२२ रोजी चिन्नास्वामी मैदानावरच अंतिम सामना सुरू झाला. समोर होता एक्केचाळीस वेळा करंडक जिंकलेला मुंबईचा संघ. मध्य प्रदेशाकडे आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर हे दोन नामांकित खेळाडूही त्या वेळी नव्हते.

मुंबईने ३७४ धावा केल्या. त्यांत सरफराज खान यांच्या १३४ होत्या. मध्य प्रदेशाने उत्तर दिले ते घाईने नव्हे. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२ अशी तीन शतके आणि एकूण ५३६ धावा. आघाडी १६२ धावांची झाली. १९९९ सालीही आघाडी होती. फरक पडला तो आघाडीनंतरच्या वागणुकीत. आता या संघाने केवळ टिकून राहण्यात समाधान मानले नाही. कुमार कार्तिकेय यांनी चार बळी घेतले, मुंबईचा दुसरा डाव २६९ वर संपला आणि १०८ धावांचे लक्ष्य चार गडी गमावून पूर्ण झाले. २६ जून २०२२ रोजी, रविवारी, आदित्य श्रीवास्तव यांच्या संघाने मध्य प्रदेशाचा पहिला करंडक उचलला. होळकरांच्या शेवटच्या करंडकानंतर ही एकोणसत्तर वर्षे लोटली होती. मैदानात चंद्रकांत पंडित यांना अश्रू आवरले नाहीत. तेवीस वर्षांपूर्वी ज्या मैदानाने त्यांच्या हातून काढून घेतले होते, त्याच मैदानाने ते परत केले होते.

यावरून प्रत्येक पराभूत संघ शेवटी जिंकतोच, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. मोटार शर्यतींच्या जगात ‘फोर्स इंडिया’ या भारतीय मालकीच्या संघाचे उदाहरण आहे. २००८ ते २०१८ या अकरा हंगामांत या संघाला फॉर्म्युला वनची एकही शर्यत जिंकता आली नाही. २००९ साली बेल्जियममध्ये जियानकार्लो फिसिकेला यांनी पहिल्या स्थानावरून सुरुवात करून दुसरा क्रमांक मिळवला, तीच विजयाच्या सर्वांत जवळची वेळ. २०१८ मध्ये संघ आर्थिक अडचणीत विकला गेला. त्याच कार्यशाळेतून निघालेली गाडी घेऊन सर्जिओ पेरेझ यांनी डिसेंबर २०२० मध्ये बहारीनमध्ये शर्यत जिंकली. तोवर नाव ‘रेसिंग पॉइंट’ झाले होते. झाड एकाने लावावे आणि फळ दुसऱ्याच्या नावे पडावे, असेही घडते.

मग उत्तर काय? पूर्वीचे पराभव पुढच्या सामन्याचा निकाल ठरवीत नाहीत, हे खरे. पण ते आपोआप पुसलेही जात नाहीत. ‘कधीच न जिंकलेला’ हे विशेषण मागच्या दिवसांचे वर्णन करते. ते पुढच्या दिवसांना चिकटू द्यावयाचे की नाही, हे नेट्समधल्या सकाळी, सांघिक शिस्तीत आणि आघाडी घेतल्यानंतरच्या तासाभरात ठरते. अंतिम सामन्यात विजयी धाव काढणारे इंदूरचे रजत पाटीदार पुढे बंगळूरच्या आयपीएल संघाचे कर्णधार झाले. २००८ पासून एकदाही न जिंकलेल्या त्या संघाने ३ जून २०२५ रोजी पहिले अजिंक्यपद मिळवले. तसेच २०२२ साली पराभूत मुंबईचे प्रशिक्षक असलेले अमोल मुजुमदार यांच्याच मार्गदर्शनाखाली भारतीय महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी आपला पहिला विश्वचषक जिंकला. त्याआधी हा संघ २००५ आणि २०१७ साली अंतिम सामन्यात हरला होता. खेळाडू म्हणून मुजुमदार यांना भारताची टोपी कधीच मिळाली नव्हती.

मध्य प्रदेश २०२२-२३ आणि २०२३-२४ या पुढच्या दोन्ही हंगामांत उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि तेथे हरला. तरी त्या पराभवांचे दुःख निराळे होते. एकदा तरी जिंकलेल्या संघाला हरताना आपण कमी पडलो असे वाटते; आपल्या नशिबीच नाही, असे वाटत नाही. पहिल्या विजयाची खरी मिळकत करंडकाहून मोठी असते, ती हीच.