मदतीचे पैसे कोणाच्या नावावर?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी नुकसानीचे बोलणे कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्यातील बहुतेकजणी शेतात राबणाऱ्या आहेत. म्हणून हाच विषय घेतला.

2019 सालचा ऑक्टोबर आपण विसरलेलो नाही. काढणीला आलेले सोयाबीन पावसात भिजले, शेंगांना कोंब फुटले, द्राक्षांवर दावण्या आला. राज्यात तेव्हा राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी 16 नोव्हेंबरला खरीप पिकांना हेक्टरी 8,000 व फळबागांना 18,000 रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत, जाहीर केले. म्हणजे सोयाबीनला गुंठ्याला सुमारे 80 रुपये. बी, खत व भांगलणीचा हिशेब तुम्हीच मांडा! ऑक्टोबर 2025 मध्ये अतिवृष्टीसाठी कोरडवाहूला 18,500 रुपये जाहीर झाले, पण त्यांत 10,000 पुढच्या रब्बीसाठी धरलेले होते.

ही मदत म्हणजे विमा नव्हे. विम्याचा हप्ता न भरलेल्यालाही ती मिळते. कारण ती आपत्ती निधीतून येते. आपल्या आजेसासूबाईंच्या वेळची तगाई हे कर्ज असे, फेडावे लागे. हे पैसे परत करायचे नसतात. मात्र पिकाचे नुकसान 33 टक्के किंवा त्याहून अधिक असावे लागते. 2015 पूर्वी ही अट 50 टक्क्यांची होती.

आता खरी गोष्ट सांगते. पंचनाम्याला तलाठी (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे), ग्रामसेवक व कृषी सहायक येतात. ते पीक पाहतात, पण पैसे जातात सातबाऱ्यावरील खातेदाराच्या बँक खात्यात. माझ्या जाऊबाईंचे तेच झाले. थोरले भाऊजी वारून चार वर्षे झाली होती, पण वारसनोंद राहिली होती. शेत त्याच करत होत्या, आणि यादीत नाव निघाले भाऊजींचे! आधारही नाही, खातेही बंद. त्या हेलपाटे घालून दमल्या. शेजारच्या बांधावरच्यांना पैसे मिळाले, यांना नाहीत.

नंतर आम्ही दोघी बसलो आणि कागद जमवले. मृत्यूचा दाखला व वारसांची नावे देऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा. नावे गाव नमुना सहा-क मध्ये चढतात, मग फेरफार होतो, हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस लागते आणि मंडल अधिकारी तो मंजूर करतात. विधवेइतकाच हक्क मुलांचा, आणि लग्न झालेल्या मुलींचाही असतो. आपल्याकडे मुली साडीचोळी घेऊन हक्कसोड देतात; त्यावर बोलले तर आजचे जेवण कोणाला गोड लागणार नाही, म्हणून थांबते.

नवरा हयात असतानाही पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली, त्यानंतर 1992 साली शासनाने तसा निर्णय काढला. आपल्यापैकी किती जणींच्या घरी तो कोणी वाचून दाखवला?

येत्या गुरुवारी दुपारी सर्वांनी आपापले सातबारे व आठ-अ मंडळात आणावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी आणि आपल्या चिटणीसबाई वाचून दाखवू. चष्मा मात्र ज्याने त्याने आपला आणायचा.