नेटवर्किंग शिकायचंय, पण कुठून?



संयोजकांनी मला 'आयटीतल्या संधी' असा विषय दिला होता. संधींवर बोलणारे पुष्कळ आहेत. मघाशी चहाच्या वेळी तुमच्यापैकी दोघा-तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. नेटवर्किंग शिकायचंय, क्लासवाला पन्नास हजार मागतो, अब्बा कर्ज काढायला तयार आहेत, काय करू? मी त्यावरच बोलतो.

अब्बांना सांगा, कर्ज काढू नका. निदान सहा महिने तरी नको.

आधी हे बघा की तुम्हाला नेमकं काय हवंय. राउटर, स्विच बसवणं, त्यांचं कॉन्फिगरेशन करणं हे एक काम. त्यासाठी सिस्कोची सीसीएनए परीक्षा असते आणि सरावासाठी सिस्कोचंच पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. दोन प्रोग्राम नेटवर्कवरून एकमेकांशी बोलतील असा कोड लिहिणं हे दुसरं काम. मी दुसरं करतो. बरेच क्लास पहिलं शिकवतात आणि जाहिरातीत दुसरं लिहितात. फी भरण्याआधी एवढं विचारलंत तरी तुमचे पैसे वाचतील.

आता पुस्तकं. कॉलेजात आपण ओएसआयचे सात थर पाठ करतो. टॅनेनबॉमचं पुस्तक तारेपासून सुरू होऊन वर चढतं. उत्तम पुस्तक आहे, लायब्ररीत मिळेल, पण एकट्याने वाचणारा दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच दमतो. कुरोस आणि रॉस यांचं पुस्तक उलटं जातं. आधी वेब, ईमेल, डीएनएस, म्हणजे जे आपण रोज वापरतो ते, आणि मग खाली. स्वतः शिकणाऱ्याने तेच घ्यावं. कुरोस यांची व्याख्यानं इंटरनेटवर मोफत आहेत. एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरच्या प्राध्यापकांचा कोर्सही आहे. बघायला पैसे पडत नाहीत, फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची.

पण नुसतं बघून पोहता येत नाही. कोड लिहायला बसाल तेव्हा ब्रायन हॉल यांची 'बीज गाइड' उघडा. मोफत आहे, इंग्रजी सोपी आहे आणि माणूस गप्पा मारत शिकवतो. उदाहरणं सी भाषेत आहेत. सी येत नसेल तर पायथन घ्या, कारण सॉकेट, बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट ही नावं तिथेही तीच आहेत. ती १९८३ साली बर्कलेच्या युनिक्समधून आली आणि आजही टिकून आहेत. दर दोन वर्षांनी शिळं होणाऱ्या आमच्या धंद्यात असं शिक्षण क्वचित मिळतं.

पहिला प्रोग्राम सांगतो. एकाच मशीनवर दोन टर्मिनल उघडा. एकात सर्व्हर, दुसऱ्यात क्लायंट, पत्ता १२७.०.०.१. यासाठी इंटरनेटही लागत नाही, म्हणजे डेटा पॅक संपला म्हणून अभ्यास थांबत नाही. घरात लॅपटॉप एक आणि भावंडं चार असतील तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाका, त्यात पायथन चालतं. क्लायंटकडून टीसीपीने आधी 'सलाम' पाठवा, लगेच 'खुदा हाफिज' पाठवा. सर्व्हरला मात्र ॲक्सेप्टनंतर दोन सेकंद थांबवा आणि मग वाचायला लावा. त्याच्या हातात 'सलामखुदा हाफिज' असं एकच लांबलचक काहीतरी पडेल. तुम्ही दोन निरोप पाठवले होते, पोचला एक. टीसीपीला निरोप कळत नाहीत. तो फक्त बाइटांचा प्रवाह नेतो, क्रमाने. निरोप कुठे संपला हे तुम्हीच ठरवायचं, ओळ तोडून किंवा आधी लांबी पाठवून. मुलाखतीत सात थर धडाधडा सांगणाऱ्या उमेदवारांना मी हे विचारतो. फार थोडे सांगू शकतात.

मग वायरशार्क चालू करा. तुमचाच 'सलाम' पॅकेटमध्ये उघडा दिसेल आणि त्याआधीची सिन, सिन-ॲक, ॲक ही तीन पॅकेटं दिसतील. एनक्रिप्शन का लागतं ते त्या क्षणी कळतं. हे स्वतःच्याच मशीनवर करा बरं का. दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये परवानगीशिवाय शिरलात तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आहे.

मूळ दस्तऐवजांना म्हणजे आरएफसींना लोक उगाच घाबरतात. यूडीपीचा आरएफसी ७६८, ऑगस्ट १९८०, फक्त तीन पानांचा आहे. तो आज रात्री वाचून होईल. टीसीपीचा १९८१ चा आरएफसी ७९३ मोठा आहे, आणि २०२२ मध्ये त्याची जागा ९२९३ ने घेतली, तेव्हा जुना छापून घेऊ नका.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने वाचावी. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यात जेमतेम चारशे यार्ड अंतर असताना वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. पॅकेट हरवलं की प्रत्येक कॉम्प्युटर तेच पुन्हा पाठवायचा, त्याने गर्दी आणखी वाढायची. आपल्या चौकात कोंडी झाली की सगळे पुढे घुसतात, तसंच. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या शोधनिबंधात उपाय मांडला: हळू सुरू करा, पॅकेट हरवलं तर वेग कमी करा. तुमचं डाउनलोड सुरुवातीला हळू आणि मग जोरात का जातं, त्याचं एक कारण हे.

इतकं पचलं की स्टॅनफर्डचा सीएस१४४ आहे. त्यात सी++ मध्ये स्वतःचा टीसीपी लिहायचा असतो. अवघड आहे, घाई नको.

इंग्रजीचं काय, असं मागून कुणीतरी विचारलं. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलात तर पहिली पन्नास पानं जड जातील, हे खरं आहे. तिघांचा गट करा. एकाने एक प्रकरण वाचून बाकीच्यांना आपल्या बोलीत सांगायचं. जे सांगताना अडखळला ते त्याला कळलेलं नाही, तेवढं परत वाचायचं. बहिणींना संध्याकाळी बाहेर पडणं अवघड असेल तर हा गट फोनवरही चालतो.

हॉल आठ वाजेपर्यंत आपलाच आहे. कुणाकडे लॅपटॉप असेल तर पुढे आणा, तो सलामवाला प्रोग्राम आत्ताच लिहू.