तार आणि तबकडी

रात्री निजण्यापूर्वी कंदिलात रॉकेल आहे किंवा नाही हे पाहावयाचे, राखेने काच पुसावयाची आणि काजळलेली वात कातरावयाची, हा एका पिढीतील असंख्य घरांचा नित्यक्रम होता. आता दिवे मालविण्यापूर्वी घरातील प्रत्येक माणूस आपापला मोबाइल चार्जिंगला लावून ठेवतो. दोन्ही क्रमांमागील चिंता एकच आहे. फरक आहे तो पात्राचा. कंदिलातील रॉकेल संपले तरी कंदील झिजत नसे. मोबाइलची बॅटरी मात्र दर भरण्यागणिक किंचित झिजते, आणि वीज साठविण्याची तिची शक्ती एकदा ओसरली म्हणजे कोणत्याही उपायाने ती परत येत नाही. पूर्वीच्या मोबाइलची पाठ नखाने उघडून नवी बॅटरी बसविता येत असे. अलीकडच्या बहुतेक मोबाइलची पाठ चिकटवून बंद केलेली असते. त्यामुळे बॅटरी थकली की कित्येकदा इतर सर्व दृष्टींनी धडधाकट असलेला मोबाइलही कपाटात जाऊन पडतो. गाडीवर भाजी विकणाऱ्या बाईचे पैसे ज्या यंत्रावर जमा होतात, ते यंत्र दुपारी तीन वाजताच डोळे मिटू लागले तर तिला होणारा तोटा रोजचा असतो. म्हणून मोबाइलला वीज तारेने द्यावी की तारेवाचून, हा प्रश्न वरवर चैनीचा वाटला तरी तसा तो नाही.

तारेवाचून वीज देण्याची कल्पना मात्र नवी नव्हे. २९ ऑगस्ट १८३१ या दिवशी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे याने लोखंडाच्या एका कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली. दोहोंचा परस्परांना कोठेही स्पर्श नव्हता. एका वेटोळ्यात विजेचा प्रवाह सुरू केला की दुसऱ्याला जोडलेल्या सुईला क्षणभर हेलकावा बसे, आणि प्रवाह बंद केला की पुन्हा बसे; मधल्या काळात प्रवाह अखंड वाहत असूनही सुई स्थिर राही. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तरच शेजारच्या तारेत वीज उत्पन्न होते, हे त्यातून सिद्ध झाले. मोबाइल ज्या तबकडीवर ठेवतात, तिच्या पोटात असेच एक चपटे वेटोळे असते आणि दुसरे मोबाइलच्या पाठीत असते. तबकडीतील प्रवाह सेकंदाला लाखाहून अधिक वेळा दिशा बदलतो, म्हणून वरच्या वेटोळ्यात सतत वीज उत्पन्न होत राहते. निरनिराळ्या कंपन्यांच्या तबकड्या आणि मोबाइल एकमेकांशी जुळावेत यासाठी २००८ मध्ये एक संघ स्थापन झाला. त्याने ठरविलेल्या मानकाचे नाव ‘ची’ असे आहे. हा चिनी शब्द असून त्याचा अर्थ प्राणशक्ती असा होतो. यंत्रविद्येतील मानकांना इतके काव्यमय नाव क्वचितच लाभते.

या प्राणशक्तीचा काही भाग वाटेतच सांडतो. तारेतून जाणाऱ्या विजेची गळती थोडी असते. तबकडीवरून जाणाऱ्या विजेपैकी, दोन्ही वेटोळी नेमकी समोरासमोर असली तरीही, साधारणतः तीन चतुर्थांशाच्या आसपासच बॅटरीच्या कामी येते. मोबाइल बाजूला सरकला की हे प्रमाण आणखी घसरते. उरलेल्या विजेची उष्णता होते. ती उष्णता तबकडीत, मोबाइलच्या पाठीत आणि त्या पाठीला चिकटून बसलेल्या बॅटरीत शिरते. साऱ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

उष्णतेने बॅटरीचे नेमके काय बिघडते हे समजण्यासाठी तिच्या अंतरंगात डोकावले पाहिजे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली आणि तिच्या घडणीबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या एका बाजूस ग्राफाइटचे थर असतात, दुसऱ्या बाजूस बहुधा कोबाल्टयुक्त ऑक्साइड असते, आणि मध्ये ज्वालाग्राही द्रवाने भिजलेला पातळ पडदा असतो. बॅटरी भरताना लिथियमचे विद्युद्भारित कण ग्राफाइटच्या थरांत जाऊन वस्ती करतात आणि वापरताना ते परत फिरतात. ही ये-जा निर्वेध चालली असती तर बॅटरी अमर झाली असती. परंतु पहिल्याच भरणीत ग्राफाइटवर एक सूक्ष्म पटल धरते. हे पटल मुळात उपकारकच आहे. ते नसते तर द्रव आणि ग्राफाइट यांची विक्रिया थांबलीच नसती. पण स्नानाच्या पाण्याच्या बंबात जसा क्षाराचा थर वर्षानुवर्षे चढत जातो, तसे हे पटलही चढत जाते, आणि चढताना कामाचे लिथियम गिळते. गिळलेले लिथियम परत मिळत नाही. विक्रियेची गती उष्णतामानाबरोबर वाढते. दहा अंशांना दुप्पट हा रसायनशाळेतील ठोकताळा येथेही स्थूलमानाने लागू पडतो.

तबकडी आणि तार यांची तुलना इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात प्रत्यक्ष मोजमाप करून झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तारेने भरल्या जाणाऱ्या मोबाइलचे सरासरी उष्णतामान तीन तासांत २७ अंशांच्या वर गेले नाही. तबकडीवर नीट ठेवलेला मोबाइल ३०.५ अंशांपर्यंत तापला आणि मग हळूहळू निवला. तिसरा प्रकार सर्वांत उद्बोधक होता. मोबाइल तबकडीवर किंचित तिरका ठेवला तेव्हा उष्णतामान त्याच उंचीला पोचले, परंतु लवकर पोचले, आणि नीट ठेवलेल्या मोबाइलच्या ५५ मिनिटांऐवजी १२५ मिनिटे तेथेच रेंगाळले. वेटोळी जुळत नाहीत असे पाहून तबकडीनेच अधिक वीज ओतण्यास आरंभ केला होता.

साडेतीन अंशांचा हा फरक ऐकून काहींना हसू येईल, आणि ते अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. वरील ठोकताळा लावला तर तेवढ्या वेळेपुरती झीज सव्वापटीच्या आसपास जाते. थंड देशातील गार खोलीत एवढ्याने कोणाची बॅटरी वर्षभरात निकामी व्हावयाची नाही. पण मे महिन्यातील नागपूर किंवा जळगाव म्हणजे वॉरिकची प्रयोगशाळा नव्हे. बाहेर पारा ४५ अंशांकडे झुकलेला असतो आणि पत्र्याच्या छपराखालील खोली रात्रीही तापलेलीच राहते. मोबाइल शून्य ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा, असे ॲपलसारख्या कंपन्या आपल्या सूचनापत्रकात लिहितात. विदर्भातील उन्हाळ्यात ही मर्यादा न्याहारीच्या वेळीच ओलांडली जाते. अशा ठिकाणी तबकडीची वाढीव उष्णता आधीच्या उष्णतेवर जाऊन बसते. मग मोबाइल स्वसंरक्षणासाठी वीज घेण्याचा वेग कमी करतो, आणि दोन तासांचे काम चार तास रेंगाळते. थंडीची कथा वेगळी आहे. लडाखमध्ये नेमणुकीवर असलेल्या जवानाने शून्याखालील हवेत बॅटरी भरू पाहिली, तर लिथियम ग्राफाइटच्या आत न शिरता वरच धातुरूपाने साचण्याचा धोका असतो. तेथे मोबाइल आधी अंगाच्या उबेत ठेवणे हिताचे.

एवढ्यावरून तारेला निर्दोष ठरविणे घाईचे होईल. अर्ध्या-पाऊण तासात बॅटरी भरून देणारे साठ, शंभर, किंबहुना त्याहूनही अधिक वॅटचे चार्जर बहुधा तारेनेच चालतात. प्रवाह दुप्पट केला तर तितक्याच रोधातून निघणारी उष्णता चौपट होते, हा नियम त्यांनाही चुकविता येत नाही. म्हणूनच काही कंपन्या बॅटरीचे दोन भाग करतात आणि विजेच्या रूपांतराचे काम चार्जरच्या पेटीकडे सोपवितात. मंद गतीच्या, पाच वॅटच्या तबकडीवर गार खोलीत ठेवलेला मोबाइल, उन्हात शंभर वॅटच्या तारेला लावलेल्या मोबाइलपेक्षा निःसंशय सुखी असतो. शिवाय तारेचे खाच-टोक झिजते, त्यात धूळ आणि कोकणात दमट हवेने गंज शिरतो. तबकडीला तो उपद्रव नाही.

तबकडीविरुद्ध एक आक्षेप असा घेतला जातो की, तारेने जोडलेला मोबाइल थेट तारेच्या विजेवर चालतो, तबकडीवरील मोबाइल मात्र बॅटरीच उपसत असतो. मोबाइलच्या रचनेला धरून हे बोलणे नाही. वेटोळ्यातून आलेली वीज एकदिश झाल्यावर बहुधा त्याच नियंत्रक मंडलाकडे जाते, ज्याच्याकडे तारेची वीज जाते. तबकडीची वीज तोकडी पडली आणि मोबाइलवर त्याच वेळी चित्रपट चालू असला, तर मात्र उणीव बॅटरीतून भरून काढली जाते. आक्षेपात तथ्य आहे ते एवढेच.

तार असो वा तबकडी, दोहोंना सारखाच लागू पडणारा एक दोष मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा विद्युद्दाब सर्वोच्च असतो आणि त्या स्थितीत तिच्यातील अनिष्ट विक्रियाही वेगाने चालतात. रात्री अकराला लावलेला मोबाइल एक वाजता भरतो आणि सकाळपर्यंत तसाच काठोकाठ राहतो. तो तबकडीवर असला तर कोमटही राहतो. बऱ्याच मोबाइलमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय आता दिलेली असते. ती क्वचितच कोणी वापरतो. वेटोळी नेमकी जुळावीत म्हणून चुंबक बसविण्याची युक्ती आयफोनमध्ये २०२० साली आली आणि २०२३ मध्ये ‘ची’च्या दुसऱ्या मानकातही तिचा समावेश झाला. वॉरिकच्या तिसऱ्या प्रकारातील दोष तिने बराच दूर होतो. पाठीवरील जाड वेष्टण काढून ठेवणे हा उपाय तर फुकटचाच आहे.

या साऱ्याचे मोल आवर्तनांत मोजतात. शंभर टक्के वीज एकदा वापरली, मग ती एका दिवसात असो वा तीन दिवसांत, म्हणजे एक आवर्तन. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या अनुकूल परिस्थितीत ५०० आवर्तनांनंतर ८० टक्के शक्ती राखतील अशा घडविल्याचे ॲपल सांगते. १५ पासून हा आकडा १००० झाला. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून किमान ८०० आवर्तनांचे बंधन मोबाइलवर घातले आहे. अनुकूल परिस्थिती या शब्दांत पत्र्याची खोली बसत नाही.

आणि टॅक्सीही बसत नाही. काचेतून येणारे ऊन, समोर टांगलेला मोबाइल, त्यावर अखंड चालू असलेला नकाशा आणि पाठीमागे गाडीतील विजेवर चालणारी तबकडी, असा चौफेर ताप शहरांतील कित्येक चालकांच्या मोबाइलला दिवसभर सोसावा लागतो. अशा बॅटरीतील द्रवाचे विघटन होऊन वायू साठतो, पाठ फुगते आणि पडदा कडेने उचलला जातो. तसे दिसताच तिला वीज देणे बंद करावे, ती दाबू नये, टोचू नये आणि रद्दीवाल्याच्या पोत्यातही टाकू नये. ती दुरुस्तीच्या जाणकाराकडून काढवून अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावी. तारेने चालणारा साधा चार्जर आणि वाऱ्याच्या झोताजवळची, उन्हाआडची जागा, एवढ्यावर त्या चालकाची पुढची बॅटरी पुष्कळच अधिक दिवस निभावते.