न्यायालय स्वतःचा निर्णय पुन्हा केव्हा पाहते?



दावा हरलेल्या पक्षकाराच्या तोंडी एक प्रश्न हमखास येतो : “साहेबांनी कागद पुन्हा एकदा पाहिले तर?” प्रश्न साधा आहे; परंतु त्याच्या उत्तरावर कित्येकांचे घर नि शेत अवलंबून असते.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. अपील आणि पुनरीक्षण यांत वरचे न्यायालय खालच्या न्यायालयाचे काम तपासते. पुनर्विलोकनात मात्र ज्या न्यायालयाने निर्णय दिला तेच, आणि शक्यतो त्याच न्यायाधीशांमार्फत, स्वतःच्या निर्णयाकडे पुन्हा वळते. एकदा स्वाक्षरी झाली की निवाड्यात फेरफार करावयाचा नाही, हा सर्वसाधारण नियम. पुनर्विलोकन हा त्याचा अपवाद होय. लेखनिकाच्या हातून झालेली किंवा आकडेमोडीतील चूक असेल, तर तेवढ्यासाठी पुनर्विलोकनाची गरज नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ अन्वये ती केव्हाही दुरुस्त करता येते.

१९०८ च्या या संहितेचे कलम ११४ आणि आदेश ४७ यांत पुनर्विलोकनाची तीन कारणे सांगितली आहेत. पहिले, योग्य ती दक्षता घेऊनही पूर्वी ठाऊक न झालेला अथवा हजर करता न आलेला नवा आणि महत्त्वाचा पुरावा. दुसरे, अभिलेखावरून उघड दिसणारी चूक. तिसरे, अन्य पुरेसे कारण. हे तिसरे दार प्रशस्त भासते खरे. पण १९२२ साली छज्जू राम विरुद्ध नेकी या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ते अरुंद केले. हे कारण पहिल्या दोहोंच्या जातीचेच असले पाहिजे, असे तिने ठरविले.

उघड चूक म्हणजे काय? समजा, वादीने पैसे भरल्याची पावती हजर केली, तिच्यावर निशाणी पडली, आणि तरीही निवाड्यात ‘पावती हजर केलेली नाही’ असे लिहिले गेले. ही चूक कागद उलटताच दिसते. याउलट, साक्षीदारावर विश्वास ठेवावयास नको होता, हे म्हणणे कदाचित खरेही असेल. पण ते पटविण्यास युक्तिवाद लागतो, म्हणून त्याची जागा अपिलात. पुनर्विलोकन हे वेषांतर केलेले अपील नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली तुंगभद्रा इंडस्ट्रीजच्या प्रकरणात बजावले आणि १९९७ साली पार्सियन देवी प्रकरणात पुन्हा सांगितले. दुसऱ्या एखाद्या खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने पुढे कायद्याचा अर्थ बदलला, एवढ्यावरून जुना निवाडा उघडता येत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने तसे स्पष्टीकरणच जोडले आहे.

येथे पक्षकाराने सावध राहावे. अर्जाची मुदत निर्णयापासून तीस दिवसांची. अर्ज फेटाळला गेला तर त्या आदेशावर अपील चालत नाही, आणि दुसरे पुनर्विलोकनही नाही. मूळ हुकूमनाम्यावरील अपिलाची मुदत मात्र मधल्या काळात सरतच असते. जिल्हा न्यायालयात ती तीस दिवस आणि उच्च न्यायालयात नव्वद दिवस असते. विलंब माफ होईलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. चुकीचे दार ठोठावीत बसणाऱ्याचे योग्य दारही अशा रीतीने बंद होऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाच्या वर अपील नाही. म्हणून संविधानाच्या अनुच्छेद १३७ ने त्याला स्वतःच्या निर्णयाचे पुनर्विलोकन करण्याचा अधिकार दिला आहे. तेही फेटाळले गेल्यावर, पक्षकारास ऐकूनच घेतले नाही किंवा न्यायाधीशाच्या निःपक्षपातीपणाविषयी रास्त शंका आहे, अशा विरळा प्रसंगी उपचारात्मक याचिकेची वाट २००२ साली रूपा अशोक हुर्रा प्रकरणात मोकळी करण्यात आली.

हे दार इतके अरुंद का? कारण हरलेल्याप्रमाणेच जिंकलेलाही न्यायालयाच्या शब्दावर विसंबून असतो. निवाडा रोज उघडता येऊ लागला, तर तो घरात निश्चिंतपणे राहू शकणार नाही, शेत नांगरू शकणार नाही. पण डोळ्यांसमोरची चूक केवळ प्रतिष्ठेपायी तशीच ठेवणे, हाही अन्यायच. म्हणून कायद्याने दार बंद केले नाही; ते किलकिले ठेवले. आपले गाऱ्हाणे त्यातून आत जाण्याजोगे आहे काय, हे तीस दिवसांच्या आत पारखणे, हे पक्षकाराचे आणि त्याच्या वकिलाचे काम आहे.