व्हिएन्नातला अर्धा दिवस



विमान बदलायला व्हिएन्नात थांबायचंय,
हाताशी अर्धा दिवस आहे,
आणि तुम्ही एकटे आहात?
मग विमानतळावर बसून राहू नका.
मात्र शहरात जायला शेंगेन व्हिसा लागतो. तो आधीच काढा.

लोकल गाडी अर्ध्या तासाच्या आत शहरात सोडते.
आता एकच लक्षात ठेवा.
सगळं व्हिएन्ना बघायला धावू नका. फक्त रिंग आणि तिच्या आतलं शहर बघा.

रिंग म्हणजे जुन्या शहराला वळसा घालणारा रुंद रस्ता.
इथे पूर्वी तटबंदी होती.
सम्राट फ्रान्झ योझेफनं 1857 साली ती पाडायचा हुकूम दिला.
तट गेला, आणि हा देखणा राजमार्ग आला.

ऑपेरापाशी ट्राम पकडा. खिडकीजवळ बसा.
संग्रहालयं, संसद, नगरभवन, विद्यापीठ,
एकामागून एक समोरून सरकत जातात.

मग रिंगच्या आत, पायी.
सेंट स्टीफनच्या चर्चचं छप्पर मान वर करून नीट बघा.
रंगीत, चकाकती कौलं, नागमोडी नक्षीत बसवलेली.
मला तरी इथल्या राजवाड्यापेक्षा हेच जास्त भावतं.

पाय दुखले, की कॉफीगृहात शिरा.
एकट्या माणसाला इथे कुणी अवघडल्यासारखं वाटू देत नाही.
छोट्या तबकात कॉफी येते, सोबत पाण्याचा ग्लास.
एका कपावर तासभर वाचत बसा. कुणी उठवत नाही.

पुन्हा सांगते, फक्त रिंग आणि तिच्या आतलं शहर.

आणि हो, बिल सहसा आपल्यालाच मागावं लागतं.
परतीच्या गाडीची वेळ बघून ते जरा आधीच मागा.